चार सुतांनी अडलेला बंब

बंबात पाणी भरायच्या नव्या पंपाने पासवर्ड मागितला तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले होते, आणि मुख्यालयाच्या मॅडम दहा वाजता तपासणीला यायच्या होत्या.

अग्निशमन केंद्राचे प्रमुख, म्हणजे सगळ्यांचे साहेब, कमरेवर हात ठेवून पंपासमोर उभे राहिले. जुना पंप साधा होता. त्याला एका ठरावीक जागी लाथ घातली की तो खोकायचा आणि सुरू व्हायचा. ती जागा फक्त ड्रायव्हरमामांना माहीत होती, त्यामुळे सव्वीस वर्षांच्या नोकरीत मामांना सलग आठ दिवसांची रजा कधी मिळाली नव्हती. नव्या पंपाला लाथ घालायला जागाच नव्हती. काचेच्या पाटीवर चार निळे चौकोन होते आणि खाली अदबीने लिहिलं होतं, 'कृपया पासवर्ड टाका.'

"एक दोन तीन चार टाकून बघा," ड्रायव्हरमामा म्हणाले.

साहेबांनी टाकून बघितला. पाटी लाल झाली.

"सरका, मी टाकतो," म्हणत ठेकेदार पुढे आला. इमारतीचं सगळं नूतनीकरण त्याच्या अंगावर होतं, आणि ते पेलण्याइतकं अंग त्याच्याकडे होतं. त्याने छताकडे बघत बराच विचार केला आणि चार आकडे दाबले. पाटी पुन्हा लाल.

"काय टाकलंत?"

"बायकोची जन्मतारीख."

"अहो, पंपाला तुमच्या बायकोची जन्मतारीख कशी माहीत असेल?"

"पंप माझ्या मेहुण्याने बसवलाय ना. सगळीकडे बहिणीचीच तारीख टाकतो तो."

"मग चालायला हवी होती. तारीख बरोबर होती ना?"

ठेकेदाराने पुन्हा छताकडे बघितलं. "बहुतेक," तो म्हणाला.

"मेहुण्याला फोन लावा."

"तो विमानात आहे. अकराला उतरेल."

"मग बायकोला विचारा!"

"साहेब," ठेकेदार खालच्या आवाजात म्हणाला, "लग्नाला चौदा वर्षं झाली. आता कसं विचारू?"

तिसऱ्यांदा साहेबांनी स्वतःचा नोकरीचा क्रमांक टाकला. पाटी विझली, आणि तिच्यावर नवा मजकूर आला : 'तीन प्रयत्न संपले. दोन तासांनी पुन्हा प्रयत्न करा. धन्यवाद.'

"धन्यवाद कसले देतोय हा?" मामांनी विचारलं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या क्षणी केंद्रात तेवढंच काय ते पाणी होतं.

वास्तविक आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. केंद्राची इमारत जुनी होती. इतकी जुनी, की ती बांधली तेव्हाचे बंब आजच्या बंबांच्या मांडीवर बसले असते. छत गळायचं, लाकडी दारं उघडायला चार माणसं लागायची आणि वरच्या मजल्यावर झोपणारे जवान जागे झाले की आधी आपापल्या अंगावरचा चुना झटकायचे. साहेबांनी अकरा वर्षं अर्ज केले. शेवटी मुख्यालयाने मंजुरी दिली, पण एक अट घालून : इमारत अद्ययावत करा, आणि घंटा वाजल्यापासून साठ सेकंदांत बंब दाराबाहेर काढून दाखवा. नाही जमलं, तर हे केंद्र बंद करून सगळ्यांना शेजारच्या शहरातल्या केंद्रात पाठवू. शेजारचं शहर पस्तीस किलोमीटरवर होतं. तिथून बंब येईपर्यंत एखादं घर पेटून, विझून, थंडही झालं असतं.

सात महिने जवान पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि बंब ताडपत्रीखाली उघड्यावर उभा राहिला. नवी जमीन सहा इंच वर घेतली, तिच्यावर न घसरणारी फरशी बसवली. बटण दाबताच आपोआप वर जाणारं शटर लावलं आणि त्याच्या मोटरची भलीमोठी पेटी दारावर आतल्या बाजूने ठोकली. दर्शनी भिंत दगडी होती, ती हलवता येणार नव्हती. त्यामुळे जमीन वर आली, पेटी खाली आली, आणि मधे जी जागा उरली तिच्यातून बंब जातो की नाही याची काळजी सगळ्यांना होती. ठेकेदाराने टेप लावून तीनदा मोजलं. बंबाच्या टपावर शिडी ठेवायची जी लोखंडी चौकट होती, ती आणि मोटरची पेटी यांच्यात बरोबर चार सूत जागा राहत होती. म्हणजे अर्धा इंच.

"चार सूत म्हणजे पुष्कळ झालं," ठेकेदार म्हणाला होता. "मी तर दोन सुतात घरं बांधलीत."

आणि खरंच, काल दुपारी मामांनी बंब अलगद आत घेतला. कुठे घासला नाही, कुठे लागला नाही. जवानांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्यांना आठवलं, की मॅडम तपासणीत बंबाच्या टाकीत हात घालून गंज बघतात. त्यांनी टाकी रिकामी करून आतून घासायला सांगितलं. साडेचार हजार लिटर पाणी नव्या गटारातून असं झरझर गेलं, की गटार किती छान झालंय हे बघायला सगळे तिथेच उभे राहिले. पाठीमागे बंब मात्र, साडेचार टनांचं ओझं उतरल्यावर, आपल्या चाकांवरच्या स्प्रिंगांवर गुपचूप एक इंच वर आला. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

"ठीक आहे," साहेब आता पंपाकडे पाठ फिरवून म्हणाले. "मामा, बंब बाहेर काढा. कोपऱ्यावरच्या गाड्या धुवायच्या सेंटरवर न्या आणि टाकी भरून आणा. अर्ध्या तासाचं काम."

मामांनी बंब सुरू केला. शटर वर गेलं. बंब दिमाखात दोन हात पुढे आला, आणि 'ठक्' असा आवाज झाला.

तो आवाज फार मोठा नव्हता. डब्याचं झाकण पडावं तेवढाच. पण तो ऐकून साहेब, ठेकेदार आणि सहाच्या सहा जवान जागच्या जागी थिजले.

ठेकेदार स्टुलावर चढला. त्याने टेप लावली, डोळे चोळले, पुन्हा टेप लावली.

"साहेब, चार सूत."

"चार सूत जागा आहे ना? मग अडतंय कुठे?"

"जागा नाही. चार सूत बंब जास्त आहे."

"रात्रीतून बंब वाढला?"

मामा खाली उतरले, चाकांशी वाकले, स्प्रिंगांवर हात फिरवून उभे राहिले. "वाढला नाही, हलका झालाय," ते म्हणाले. "पोट रिकामं झालं की माणूस कसा ताठ बसतो, तसा बसलाय."

"चाकांतली हवा काढा!"

"काढतो. पण पुन्हा भरायची कशी? हवेचं मशीन अजून खोक्यात आहे. उद्घाटनानंतर उघडायचं म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"मग ती पेटी काढा भिंतीवरून."

"काँक्रीटमध्ये पक्की केलीय," ठेकेदार दुखावल्या स्वरात म्हणाला. "दोन तास लागतील. शिवाय वॉरंटी जाईल ती वेगळीच."

साहेबांनी घड्याळ बघितलं. नऊ वाजले होते. पंप सव्वादहाच्या पुढे बोलणार, मेहुणा अकराला उतरणार, आणि मॅडम दहाला येणार. या तिघांपैकी एकट्या मॅडमच वेळेवर येण्यासारख्या होत्या.

त्या वेळेच्याही आधी आल्या. पावणेदहा वाजता त्यांची गाडी अंगणात थांबली. मॅडम उंच, किडकिडीत, आणि गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच. मुख्यालयातच काय, साऱ्या खात्यात त्यांना 'स्टॉपवॉच' म्हणत. कोणी नमस्कार केला तरी तो किती वेळ चालला हे त्या बघतात, अशी त्यांची ख्याती होती.

"आधी बंब," मॅडम म्हणाल्या.

"आधी इमारत बघावी, मॅडम," साहेब म्हणाले. आपला आवाज इतका पातळ कसा झाला, याचं त्यांना नवल वाटलं. "बंब काय, तो आतच आहे. कुठे जात नाही."

हे वाक्य फारच खरं होतं.

साहेबांनी मॅडमना इमारत दाखवायला सुरुवात केली. एरवी दहा मिनिटांचं ते काम त्यांनी असं लांबवलं, की पाठीमागून येणारा जवानही चकित झाला. वॉशबेसिनचा नळ त्यांनी तीनदा उघडून, तीनदा बंद करून दाखवला. नळाला पाणी नव्हतंच. "कल्पना करावी," ते म्हणाले. वरच्या मजल्यावर त्यांनी प्रत्येक पलंग दाखवला. "हा पहिला पलंग. हा दुसरा. हाही तसाच आहे, पण खिडकीकडचा." स्वयंपाकघरात ओट्याची उंची, कपाटांची खोली आणि झाकणांना धरायच्या मुठी यांवर ते अकरा मिनिटं बोलले. खाली आल्यावर मॅडम दाराशी थांबल्या आणि मान वर करून मोटरच्या पेटीकडे बघत राहिल्या. साहेबांनी घाईघाईने त्यांना खालची फरशी दाखवली.

तेवढ्यात साहेबांची बायको आली. साहेब चष्मा घरीच विसरले होते, तो द्यायला. बरोबर सासूबाई होत्या. जावयाचं नवं ऑफिस बघायचं म्हणून त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या.

"अहो, चष्मा! आणि चेहरा असा का पडलाय?"

साहेब उत्तर देणार, तोच नियंत्रण कक्षातला फोन वाजला. सगळ्या नव्या वस्तूंमध्ये तो एकटाच पहिल्या फटक्यात वाजला.

फोन घेणारा जवान धावत बाहेर आला. "साहेब, कॉल आहे! शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. घराच्या छपरावर अडकल्यात. कौल सरकलं म्हणून बसवायला माळ्याच्या खिडकीतून चढल्या, तर खालची फळी मोडून एक पाय आत गेलाय. दुमजली घर आहे. शेजाऱ्यांची शिडी तिथवर पोचत नाही, आणि त्या हलल्या की छप्पर करकरतंय म्हणे."

मुख्याध्यापिका चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती.

"आपली लांब शिडी काढा," साहेब ओरडले.

"ती टपावर आहे. मागे ओढूनच निघते," मामा म्हणाले, "आणि मागे नवी भिंत आहे."

साहेबांनी एकदा बंबाकडे बघितलं, एकदा मॅडमकडे. पाऊण तास ते ज्या गोष्टीपासून पळत होते, ती आता समोर उभी होती. त्यांना वाटलं होतं की ती बोलताना आपली जीभ अडखळेल. पण छपरावर एक म्हातारी बाई एका पायावर बसली होती, त्यामुळे जीभ अजिबात अडखळली नाही.

"मॅडम, खरं सांगतो. बंब दारात अडकलाय. टाकी रिकामी केली, आणि तो वर आला. केंद्र बंद करायचं तर करा, पण आत्ता मला मदत करा."

मॅडमनी विचारलं, "कितीने अडकलाय?"

"चार सूत."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. साहेबांना वाटलं, राग आवरतायत.

"म्हणजे रिकामा झाला म्हणून वर आला ना?" मधेच साहेबांच्या बायकोने विचारलं. "मग भरा की."

"अगं, पाणी नाही!"

"पाणी कोण म्हणतंय? माणसं भरा."

ठेकेदाराने बोटांवर काहीतरी मोजलं आणि तो म्हणाला, "तीसेक माणसं लागतील. अंगाने बरी."

"चढा!" साहेबांनी आरोळी ठोकली.

सहा जवान चढले. ठेकेदाराचे फरशीवाले आठ जण चढले. ठेकेदार स्वतः मागच्या पायरीवर उभा राहिला, तेव्हा बंबाने पहिल्यांदा 'क्यूं' असा आवाज केला आणि सगळ्यांना धीर आला. समोरच्या दुकानातला न्हावी धावत आला; त्याच्या पाठोपाठ अर्ध्या गालाला साबण लावलेलं त्याचं गिऱ्हाईक आलं. इस्त्रीवाला आला, येताना कपड्यांचं गाठोडं घेऊन आला. "तेवढंच वजन," तो म्हणाला. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन पोस्टमननी काय चाललंय ते विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच त्यांना आत ओढून घेतलं गेलं. बँकेच्या दारातली रांग सगळीच्या सगळी आली. रांग मोडायची नाही म्हणून ती त्याच क्रमाने चढली.

"आई, तुम्ही पुढे बसा," साहेब सासूबाईंना म्हणाले.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "जावईबापू, एक सांगा. मला वजन म्हणून बसवताय की मान म्हणून?"

"मान म्हणून, आई! पुढची सीट मानाचीच असते."

"मग ठीक आहे," म्हणत सासूबाई पुढच्या सीटवर विराजमान झाल्या, आणि बंब सूतभर खाली गेला.

"किती राहिलं?" मामांनी स्टिअरिंगवरून विचारलं.

साहेब चष्मा लावून स्टुलावर उभे होते. "अर्धं सूत! अजून एक माणूस पाहिजे. फक्त एक!"

त्यांनी वळून बघितलं. त्यांची बायको होज ठेवायच्या कप्प्यात गुडघे पोटाशी घेऊन केव्हाच बसली होती. अंगणात आता एकच व्यक्ती उरली होती, आणि तिच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं.

मॅडमनी आजूबाजूला बघितलं. मग स्टॉपवॉच शर्टाच्या खिशात टाकलं, ठेकेदाराच्या शेजारी मागच्या पायरीवर पाय ठेवला आणि म्हणाल्या, "सरका."

साहेबांनी चौकट आणि पेटी यांच्यात कागद सरकवून बघितला. कागद गेला.

"मामा, चला! पण हळू! आणि कोणीही श्वास सोडू नका!"

श्वासाने वजनात काय फरक पडणार होता, हे साहेबांनाही सांगता आलं नसतं. पण तीसच्या तीस माणसांनी श्वास धरला. बंब इंचाइंचाने पुढे सरकला. शिडीची चौकट पेटीखालून जाताना कोणीतरी सुरीला धार लावतंय असा बारीक आवाज झाला. मग ऊन अंगावर आलं. बंब अंगणात होता.

तीस माणसांनी एकदम श्वास सोडला. तो एवढा मोठा होता, की फाटकावरच्या चिमण्या उडाल्या.

"उतरा, उतरा!" साहेब ओरडले. बरेचसे उतरले. काही जणांना उतरायचं नव्हतं. सासूबाईंनी सीटचा पट्टा लावला होता आणि तो सुटत नव्हता. मॅडम मागच्या पायरीवर दांडा घट्ट धरून उभ्या होत्या; त्यांनी उतरण्याची काही हालचाल केली नाही. थांबायला वेळ नव्हता. साहेब केबिनमध्ये घुसले आणि मामांनी बंब पिटाळला. घंटेची दोरी सासूबाईंच्या हाताशीच होती. त्यांनी ती एकदा ओढून बघितली, त्यांना ती आवडली, आणि मग सबंध रस्ताभर त्यांनी ती सोडली नाही.

मुख्याध्यापिका छपरावर ताठ बसल्या होत्या. एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि हातात कौल. खाली गर्दी जमली होती आणि तिला त्या वरून शिस्त लावत होत्या.

"भिंतीला टेकू नका! रंग ओला आहे!" मग त्यांचं लक्ष बंबाकडे गेलं. "उशीर का झाला?"

"गाडी अडकली होती, बाई," मामा खालून म्हणाले.

"चौथीतही तू हेच सांगायचास. तेव्हा सायकल अडकायची."

मामांनी मान खाली घातली. जवानांनी लांब शिडी उभी केली, तिच्यावरून दुसरी शिडी छपरावर आडवी टाकली, आणि दोघं तिच्यावर पालथे झोपून पुढे सरकले. छप्पर करकरलं. साहेबांच्या कपाळावरून घाम चष्म्यावर उतरला, पण पुसायला त्यांचा हात उठला नाही. एका जवानाने मोडकी फळी करवतीने कापली, दुसऱ्याने बाईंच्या काखेत पट्टा घातला. पाय अलगद बाहेर आला. खरचटलं होतं, एवढंच. तरी शिडीवरून उतरताना तिसऱ्या पायरीवर बाई थांबल्या आणि त्यांनी जवानाचा हात एकदा घट्ट दाबला. तेवढ्यावरून त्या वर किती घाबरल्या असतील, ते साहेबांना कळलं.

खाली आल्यावर त्यांनी कौल साहेबांच्या हातात दिलं. "हे तेवढं बसवून द्या," त्या म्हणाल्या. कौल बसवून दिलं गेलं. सासूबाईंनी बाईंना आपल्या शेजारी बसवून पाणी प्यायला दिलं. पट्टा एव्हाना सुटला होता, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

परत येताना मामांनी बंब कोपऱ्यावरच्या सेंटरवर नेला आणि टाकी काठोकाठ भरली. केंद्रात आला तेव्हा बंब चार सूत जागा ठेवून, साबणाची वडी डबीत जावी तसा आत गेला. ठेकेदाराचा मेहुणाही विमानातून उतरला होता. पासवर्ड बहिणीची जन्मतारीखच निघाली. ठेकेदाराने ती तळहातावर पेनाने लिहून घेतली.

"आता तपासणी," मॅडम म्हणाल्या, आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं.

घंटा वाजली. जवान खांबावरून घसरत खाली आले, शटर वर गेलं, बंब बाहेर आला. मॅडमनी स्टॉपवॉच दाबलं. अडतीस सेकंद.

साहेबांनी खुर्ची शोधली. पण मॅडम म्हणाल्या, "जरा आत चला. दार लावा."

नव्या ऑफिसात फक्त दोघं होते. मॅडमनी कागदावर 'केंद्र सुरू ठेवावे' असं लिहून सही केली, आणि खाली एक ओळ जोडली : 'दाराखालच्या जमिनीत दोन्ही बाजूंच्या चाकांपुरत्या इंचभर खोल खाचा पाडाव्यात.' कागद त्यांनी साहेबांच्या पुढे सरकवला.

"मॅडम, सकाळी मी तुम्हाला पाऊण तास पलंग दाखवत फिरवलं. त्याबद्दल..."

"ते राहू द्या. मला सांगा, आज बरोबर किती माणसं होती?"

"तुम्हाला धरून तीस. का हो?"

मॅडमनी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात जवान हसत हसत बंब पुसत होते.

"मुख्यालयाची इमारतही यंदाच अद्ययावत केली," त्या म्हणाल्या. "जमीन वर घेतली. दारावर पेटी बसवली. काम चालू असताना बंब आतच होते."

साहेब हळूच खुर्चीत बसले. "किती बंब?"

"तीन."

"आणि?"

"आजचा नववा दिवस."

"पाणी भरून पाहिलंत?"

"काठोकाठ आहेत. चाकांतली हवाही कमी केली. तरी दोन सूत घासतंच."

"मग दार का नाही तोडत?"

"उद्घाटन व्हायचंय त्याचं. उद्घाटनाआधी तोडायला परवानगी मिळत नाही. कॉल आला की दुसऱ्या शहरांतून बंब मागवतो आणि कागदावर 'संयुक्त सराव' असं लिहितो. तुमच्याकडे दाराचं हेच काम झालंय असं कळलं, म्हणून कोणाला न पाठवता मी स्वतः आले. म्हटलं, तुम्ही बाहेर कसा काढता ते तरी बघू." मॅडम पहिल्यांदाच हसल्या. सकाळपासून त्यांच्या खांद्यांवर असलेलं काहीतरी खाली उतरलं. "माणसांचं मात्र आमच्याकडे एकालाही सुचलं नाही. तुमच्या मिसेस कुठल्या खात्यात आहेत?"

"शिवणकाम करते घरी."

"तरीच," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी फोन काढला आणि मुख्यालयाला लावला.

"हां, मीच. मिळाला उपाय. उद्या सकाळी दहाला सगळ्या खात्यांना बोलवा. हिशेब, भांडार, टपाल, सगळे. शंभर तरी जण व्हायला हवेत." पलीकडून कोणीतरी काहीतरी विचारलं. मॅडमनी साहेबांकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, "नाही नाही, मीटिंग नाही. तयारी काही करू नका म्हणावं. नुसतं येऊन बसायचंय."